मिरानवहिनीने दादाला काय सांगितलं

प्रिय आई,

मी फोन उचलत नाही म्हणून तू चिडली असशील. पण फोनवर तू मला बोलू देत नाहीस. पत्र तरी शेवटपर्यंत वाचशील. दादाच्या पोटाचे टाके निघाले, आता तो पेज खातो, असं मामीकडून कळलं. बरं वाटलं. खोटं नाही सांगत.

इकडे थेजॉनला प्रयोगशाळेत माझं काम तेच, गर्भाशयाच्या अस्तराचं. बिनलग्नाची पोरगी दिवसभर बायकांच्या पोटात डोकावते, असं तू हसून म्हणायचीस. मिरानवहिनीला मात्र हसण्यावारी सोडलं नाहीस. कालवं फोडायच्या शेडमध्ये सगळ्या बायकांदेखत तू म्हणायचीस, हिच्या पोटात काही चिकटतच नाही, नुसता शेवाळलेला दगड. ती मान खाली घालून सुरी चालवत राहायची. घरी दादा तेच शब्द तिला ऐकवायचा आणि मग मारायचा. पट्ट्याने, बुटाने, एकदा गरम झाऱ्याने. तिच्या दंडावरचे वळ कालवांच्या शिंपल्यांनी उठलेले नव्हते, हे शेडमध्ये सगळ्याजणींना ठाऊक होतं. तुलाही.

दगड नसतो गं तो. एरवी अस्तरावर निसरडा लेप असतो, काही चिकटू नये म्हणूनच. बीज सुटलं की एक संप्रेरक वाढतं आणि त्याच्या हुकमाने आतल्या लांबट पेशी फुगून गोल होतात, साखर साठवून ठेवतात. मग थोडेच दिवस तो लेप जागोजागी विरतो आणि पृष्ठभागावर आकड्यांसारखी प्रथिनं वर येतात, गर्भाला धरायला. गर्भही काही गोडीगुलाबीने येत नाही. भिंत विरघळवत, पेशी मारत, रक्तवाहिन्या फोडत आत घुसतो. अस्तर त्याला धरतं आणि आवरतंही, नाहीतर तो आईलाच पोखरेल. फारच दुबळा असला तर पुष्कळदा तेच त्याला बाहेर घालवतं. इतकी मारामारी आत चालते आणि बाईला स्वतःलाही पत्ता नसतो.

वहिनीने आमच्या संशोधनासाठी अस्तराचा एक तुकडा दिला होता. संप्रेरक घातल्यावर तिच्या पेशी अगदी जशा बदलायला हव्यात तशा बदलल्या. मी तुला लगेच कळवलं. तू एवढंच म्हणालीस, "मग काय माझ्या पोरात खोट?" आणि फोन ठेवलास. दादा तर तपासणीचं नाव काढलं की ताट भिरकावायचा.

आता चुसॉकच्या सणाच्या सकाळचं. तू बाहेर पाहुण्यांपाशी होतीस. मी पूर्वजांपुढे मांडायची फळं घेऊन स्वयंपाकघराच्या दारात आले. वहिनी कालवं फोडत होती. तिने दादाला हळूच काहीतरी सांगितलं. त्याने तिचे केस धरून डोकं मोरीच्या कडेवर आपटलं. ती पडली. मग त्याने पोटात लाथ घातली. पुन्हा घातली. ती पोटाशी गुडघे घेऊन पडली होती, त्याने गुडघे हाताने बाजूला ओढले आणि तिसऱ्यांदा पाय उचलला. मी त्याच्या अंगावर धावले तर मला कपाटावर ढकललं. तेवढ्यात तिने सुरी मारली. तू आलीस तेव्हा सुरी त्याच्या पोटात होती, आणि तू तेवढीच पाहिलीस.

वहिनीवरच्या खटल्यात मी कोर्टात सांगावं, की दादाने हात उचललाच नव्हता, असा तुझा निरोप मिळाला. मी तसं सांगणार नाही. वहिनीला दिवस गेले होते, आई. त्याच पहाटे तिने मला सांगितलं, पण आधी नवऱ्याला सांगते, मग सासूबाईंना, म्हणाली. तिने सांगितल्यावर दादा म्हणाला, "कुणाचं?" तिच्या अंगावरून जे गेलं त्याला तू पाळी समजलीस. ते तुझं नातवंड होतं. घट्ट धरून बसलेलं होतं ते, लाथांनी सुटलं. परवा तिला तपासलेल्या दवाखान्यातल्या डॉक्टरबाई आणि मी, दोघी साक्ष देणार आहोत. चारचौघांत वकिलाच्या तोंडून कळण्याआधी तुला माझ्याकडून कळावं, म्हणून हे पत्र. पेज भरवताना दादाला एकदा विचार. तो खोटं बोलला तर तुला कळेलच, तू त्याची आई आहेस.

तुझीच,
युनसिल