बाबांनी वाचवलेला माणूस

प्रिय दादा,

तुझा पत्ता कुणालाच ठाऊक नाही, त्यामुळे हे पत्र टपालात पडायचं नाही. तरी लिहिते.

त्या दुपारी धरणावर पोहायला निघालास, तेव्हा आईनं तुला परोपरीनं विनवलं. "मेलो तर मी मरेन, तुमचं काय जातंय?" म्हणून तू हसलास आणि बंद फाटक ओलांडून पाण्यात उतरलास. भोवऱ्यातून तुला अग्निशमन दलाच्या पाणबुड्यानं काठाला ढकललं. तो मात्र वर आलाच नाही. तू बरा झालास आणि कुणाला न सांगता घर सोडून गेलास.

काल त्या पाणबुड्याची बायको आली. मला वाटलं, आता शिव्याशाप देणार.

"त्यांनी ज्याला काढलं, त्याला एकदा बघायचंय," एवढंच ती म्हणाली.

"दादा घरी नाही."

"पण बरा आहे ना?"

माझ्या आधी आईच बोलली, "अगदी बरा आहे. कामाला लागलाय."

तिचा चेहरा केवढा उजळला, दादा! "मुलीला सांगते. रोज विचारते, बाबांनी वाचवलेला माणूस आता काय करतो म्हणून."

ती गेल्यावर आई मोरीत नळ सोडून रडली. मला पाण्याचा आवाज सोसेना. वाटत होतं, खाली कुणीतरी श्वास कोंडून थांबलंय.

रविवारी ती मुलीला घेऊन येणार आहे. आईनं तुझी खोली झाडलीय, तुझा निळा शर्ट इस्त्री करून खुर्चीच्या पाठीवर अडकवलाय. त्या पोरीला आम्ही काय दाखवायचं?

तुझी,
धाकटी