उजव्या पायाची माया

३ मार्च
उजव्या पोटरीवर हिरव्या-निळ्या शिरा उठल्यात. बायको म्हणाली, अहो, दाखवून या. मेव्हणा जिमला जातो. तो म्हणाला, दाजी, शिरा दिसतात म्हणजे अंगात चरबी नाही, पोरं यासाठी मरमर मरतात. मला आयतंच मिळालं.

४ मार्च
बावीस वर्षं कापड बेतायच्या टेबलाशी उभा आहे. शिरा दिसायच्याच. तरी ठराव: दर तासाला पाच मिनिटं बसणे.

५ मार्च
सहा सूट होते. बसणं जमलं नाही.

९ मार्च
टेप लावली. दोन्ही पोटऱ्या साडेचौदा इंच. कटरचं माप चुकत नाही. बायको म्हणाली, टेपला काय कळतंय, डॉक्टरला विचारा.

१७ मार्च, सकाळ
उजवी पावणेसोळा. डावी आहे तेवढीच. एका कुशीवर झोपलो होतो, त्याने असणार.

संध्याकाळ
पँट पोटरीला अडकते. प्रत्येक शिवणीत मी बोटभर माया ठेवतो, गिऱ्हाईक सुटलं की उसवायला. आज स्वतःच्या उजव्या पायाची माया उसवली. पँट झकास बसली. प्रश्न मिटला.

१८ मार्च
पोटरी लाल. दुखते. बायकोने हात लावला आणि झटकन काढला. म्हणाली, पाय आहे की इस्त्री? मेव्हण्याला फोन केला. म्हणाला, एकच पाय? दाजी, हे जिमचं काम नव्हे, आत्ता जा. तो पहिल्यापासून घाबरट. ठराव: सुट्टीच्या दिवशी जाणे.

१९ मार्च
सव्वासोळा. माया संपली. दुकानाचा जिना चढताना मधे दोनदा थांबलो. उकाडा फार आहे.

२० मार्च, सोनोग्राफीच्या खोलीबाहेर
बायकोने सुट्टीची वाट पाहिली नाही. गाडीत घातलं.

डॉक्टर बाई म्हणाल्या, नुसत्या शिरा दिसल्या म्हणून घाबरायचं कारण नसतं, सवडीने दाखवलं तरी चालतं. पण एकच पाय सुजला, तापला, दुखला, तर त्याच दिवशी यायचं. आत रक्ताची गुठळी असू शकते. ती सुटून फुप्फुसात गेली तर जिवावर बेततं.

म्हणालो, बेतणं तर माझंच काम. कोणी हसलं नाही.

सूज कधीपासून? म्हणालो, तीन दिवसांपासून. दम लागतो का? नाही म्हणालो. बायकोने माझ्याकडे पाहिलं.

लागतो, म्हणालो. कालपासून. जिन्यावर.

मग सगळे एकदम हलले. चाकाची खुर्ची आली. चालत येतो, म्हणालो. बायको खाली वाकली, माझ्या पायातल्या चपला काढल्या आणि आपल्या पिशवीत टाकल्या.