मुखेडहून आलेला डबा

अण्णा, तुमचं दुकान बंद झालं. आधी हेच सांगून टाकते. चिडायचं असेल तर आईवर चिडा, किल्ली तिनं दिली. मला मात्र तेव्हापासून एका जागी बसवत नाही. उठते, गॅस बंद आहे का बघते, परत येऊन बसते, पुन्हा उठते.

तुम्ही गेलात तेव्हा मी नांदेडला शिकत होते, म्हणून माझी नोकरी तुम्हाला ठाऊक नाही. हैदराबादला एका इमारतीत गेमचे डबे आहेत. आपल्या व्हिडिओ गेमच्या दुकानात टीव्हीखाली होता तसलेच, फक्त वरचं प्लॅस्टिक सोलून आतल्या सर्किटच्या पाट्या लोखंडी ट्रेमध्ये बसवलेल्या, आणि अशा ट्रेंची कपाटं ओळीनं उभी. मुखेडातलं पोरगं मोबाईलवर बटण दाबतं, ते तारेतून इथं येतं, इथली पाटी गेम चालवते आणि चित्र परत त्याच्या मोबाईलवर धाडते. एक पोरगं उठलं की त्याच पाटीवर दुसरं बसतं, तुमच्या बाकड्यावर बसायचं तसं. पाटी बिघडली की शेजारच्या चालू ठेवून तिचा ट्रे ओढायचा आणि दुसरा लावायचा, हे माझं काम. पंख्यांचा आवाज इतका की कानात बोळे घालावे लागतात.

बाजारचा दिवस आठवतो. बाया तुमच्याकडं पोरं सोडून भाजी विकायला बसल्यात, बाकडं भरलंय, आणि तुम्ही डब्याखाली सोड्याच्या बाटलीची झाकणं सरकवताय, खालून वारं लागावं म्हणून. मी एकदा स्क्रू ड्रायव्हर घेऊन तो उघडायला गेले तर केवढ्यानं ओरडलात! "चालत्या चीजंला हात लावायचा न्हाई!" अख्ख्या बाकड्यासमोर. त्या दिवशी मी तुमच्याशी बोललेच नाही. आता दिवसभर चालत्या चीजांनाच हात लावते आणि त्याचा पगार घेते.

तुम्ही गेलात मोकळे होऊन. मागं धाकट्या भावाचे हाल बघायला तुम्ही नव्हतात. पोरं मोबाईलवर खेळायला लागली, बाकडं रिकामं. त्याला तिथं ठिबकच्या नळ्यांचं दुकान टाकायचं होतं, एजन्सीवाला रोज विचारत होता, घरात बायको आणि लहान पोर. पण आई हटून बसली. "त्यांचा डबा चालू हाय तवर शटर पडणार न्हाई. जित्या जीवाला कुणी वाटंला लावतं का?" धाकटा मला फोन करून रडकुंडीला यायचा. "अक्का, दिवसाकाठी दोन पोरं येऊन राहिलीत, ती बी मोबाईल चार्ज करायला. तू समजाव की तिला." तुमचाच राग यायचा मला, अण्णा. एवढा टिकाऊ डबा कशाला आणलात!

मी समजवायला गेले आणि बोलून बसले, "आई, तसले डबे माझ्याकडं ढिगानं आहेत, सगळे चालू." ती म्हणाली, "मग त्यातच लाव की आपला. आपली पोरं हितून खेळतील."

थट्टा वाटली मला. चारच दिवसांनी एसटीच्या कंडक्टरचा फोन, पार्सल घेऊन जा म्हणून. आईच्या जुन्या लुगड्यात गुंडाळलेला तुमचा डबा, सोबत शेंगदाण्याची चटणी, आणि निरोप: कडंची जागा बघून लाव, वारं लागंल. बसस्टँडवर उभ्या उभ्या हसले, मग रडायलाच आलं. आमच्या इमारतीत जेवणाचा डबासुद्धा दाराबाहेर ठेवावा लागतो, तिथं हा कोण लावू देणार? पण ती चुकीचं तरी काय बोलली? मी तसलेच डबे तर लावते.

रात्री आईचा फोन. "लावला?" "लावला." "चालू हाय न्हवं?" "हो." लावला हे खोटंच, निदान चालू आहे हे तरी खरं असावं म्हणून उठून तो माझ्या खोलीतल्या टीव्हीला जोडला आणि बटण दाबलं. तेव्हापासून बंद केला नाही. कामावर असंख्य डबे चालू, आणि जीव सगळा खोलीतल्या एकात. लाईट गेली तर? वायर तापली तर? सुट्टी झाली की रिक्षा करून पळत घरी.

गेल्या आठवड्यात आईनं मला मुखेडला बोलावलं. तिनं स्वतः शटर ओढलं, किल्ली धाकट्याच्या हातात दिली. तो पाया पडला आणि लगेच नळीवाल्याला फोन लावला, बावळट! आई रडली नाही. मला मात्र तिच्याकडं बघवेना.

एसटीत बसवून देताना ती खिडकीशी आली. "आता जाऊन बंद कर त्यो. लई घरघरून राहिला."

"कुठला?"

"एवढी वर्सं ऐकला त्यो आवाज, फोनवर वळखू येणार न्हाई व्हय मला? आन् मागं कुकरची शिटी. तुझ्या कंपनीत कुकर लावत्यात का गं?"

मेल्याहून मेल्यासारखं झालं. "मग किल्ली कशाला दिलीस?"

"त्याच्यापाशी तू हायस. दुकानात कोण हुतं?" गाडी हलली तशी ती मागं सरकली.

बंद करते म्हणून तिला सांगितलं होतं. हे कुठं धाडायचं नाही म्हणून लिहिते: अजून केलेला नाही. काल तिचा फोन आला, जेवलीस का, दूधवाला येतो का, सगळं विचारलं, त्याचं सोडून. शेवटी मीच मोबाईल डब्याजवळ नेऊन धरला. बराच वेळ तिनं फोन ठेवला नाही.