पैलवानांच्या बाजूने

बाबा,

तुमच्या पैलवानांच्या घरून मला मागणी आली होती. तुमच्यानंतर थोड्याच वर्षांत पैलवानही गेले. त्यांचा मुलगा बाळकुमला जिम चालवतो. त्यांच्या जमिनीवर टॉवर उभा राहिला, त्याच्या तळमजल्यावर आहे ती, आणि नाव वडिलांचंच दिलंय. दारातला मोठा फोटो त्याने मला फोनवर दाखवला. डोक्याला फेटा, खांद्यावर गदा, तोंडावर तेच हसू. तो बघताना मला आधी आनंदच झाला. वाटलं, बाबा असते तर त्यांनी आज सगळ्या चाळीला पेढे वाटले असते.

शाळेत जायच्या आधी मला अक्षरं तुम्ही शिकवलीत ती कुस्त्यांच्या पोस्टरवरून. वागळे इस्टेटमधली पाळी सुटली की नाक्यावरच्या भिंतीवरून, खळ ओली असेपर्यंत, तुम्ही एखादं पोस्टर अलगद सोडवून आणायचात. विठ्ठलवाडीच्या आपल्या खोलीत ते जमिनीवर पसरायचं, आणि तुमचं ऑइलने काळं झालेलं बोट एकेका अक्षराखाली सरकायचं. ‘पै.’ म्हणजे पैलवान. ‘जंगी’ मधला ज. तुमच्या पैलवानांचं नाव मी माझ्या नावाच्या आधी वाचायला शिकले. त्याच खोलीत माझ्याकडून बरणी फुटली तेव्हा तुम्ही म्हणालात, “आधी खरं बोल, मग काय रडायचं ते रड.” मी अजून तशीच आहे. ऑफिसात दुसऱ्याची चूक असली तरी ती आपली नाही ना, हे मी पुन्हा पुन्हा तपासून बघते.

जत्रेच्या मैदानात मी तुमच्या खांद्यावर बसलेली आहे. खाली लाल माती, हलगीचा आवाज, आणि समोरचा पैलवान तुमच्या पैलवानांपेक्षा वीतभर उंच. “बघत राहा,” तुम्ही सांगता, “आता ढाक लावणार.” मला काही कळायच्या आत तो उंच माणूस हवेत असतो आणि मग पाठीवर. तुम्ही मला खांद्यावर घेऊनच नाचता. मग पैलवान आपल्यापाशी येतात, मूठभर माती माझ्या कपाळाला लावतात आणि म्हणतात, “ही पोर कुणाला घाबरायची नाय.” कितीतरी दिवस मी कपाळ धुवायला तयार नव्हते.

आणि मग तो रविवार. आपण बाळकुमला त्यांच्या घरी गेलो होतो. ओटीवर तालमीतली माणसं बसलेली, आणि मी पाणी प्यायला स्वयंपाकघरात गेले. पैलवानांच्या घरच्या काकू एका हाताने ताक घुसळत होत्या. दुसरा हात साडीच्या फडक्याने गळ्यात बांधलेला. माझ्यामागून तुम्ही आलात. “वहिनी, हाताला काय झालं?” काकूंनी मान वर केली नाही. “ओट्यावरून पडले,” म्हणाल्या. बाहेरून पैलवानांचा आवाज आला, “अरे पडली कसली? माझ्याशी कुस्ती खेळाय आली! पैल्याच डावात चीत!” ओटी हसली. तुम्हीही हसलात, आणि तुम्ही हसलात म्हणून मीही. काकू तशाच एका हाताने घुसळत राहिल्या.

परत येताना बसमध्ये मी विचारलं, “पैलवानांनी काकूंना मारलं का?” तुम्ही माझं मनगट इतकं आवळलंत की बांगडी रुतली. “मोठ्या माणसाच्या घरचं असं बोलतात का? पुन्हा तोंडातून काढलंस तर बघ.” तुम्ही मला एरवी कधी रागाने हात लावला नाहीत. म्हणून ते अजून लक्षात आहे.

काकू गेल्या तेव्हा मला गोवर आला होता. दाराला कडुलिंबाचा डहाळा, घरात फोडणी बंद, बाहेरच्याने आत यायचं नाही, घरातल्याने कुणाकडे जायचं नाही. तुम्ही कंपनीत रजा टाकली होती. त्या दिवशी मी फणफणले होते, आणि दुपारपासून मी झोपेपर्यंत तुम्ही माझ्या उशाशी बसून कडुलिंबाच्या पाल्याने माझ्या अंगाची खाज शमवत होतात. दुसऱ्या दिवशी सकाळी तालमीतलं कुणीतरी खालून ओरडलं, “लवकर या, पैलवानांची मंडळी रात्री विहिरीत गेली!” तुम्ही शर्ट चढवलात. आई दारात आडवी आली. “अहो, घरात देवी आल्यात, उंबरा ओलांडू नका.” तुम्ही ओलांडलात. परत आलात ते नळावर अंघोळ करूनच आत आलात, आणि माझ्या अंथरुणाकडे पाठ करून बसलात. पुढेही तुम्ही त्यांच्या कुस्त्या बघायला जात राहिलात. मला मात्र कधी नेलं नाहीत.

त्या सकाळी तुम्ही कुठे गेला होतात ते मला आत्ता कळलं. मुलगी बघायला म्हणून ते सगळे आपल्या डोंबिवलीच्या घरी आले. पैलवानांची म्हातारी बहीण माझा हात धरून बसली. “तुजा बापूस देवमाणूस गो,” ती म्हणाली. “पोलीस आमचे दारान उभे होते. तवा तुजा बापूसच एकला चौकीवर जाऊन बोलला, पैलवान सांजपासून माझे घरान होते, जेवून निंगाले ते रात्री उशिरा. नायतर आमचे दादाचं काय झालं असतं? म्हणून तर या घरची पोर आमाला पायजे.”

गोवर आलेल्या घरात जेवून गेले, बाबा.

मुलाशी बोलायला मला गॅलरीत पाठवलं. तो सभ्य आहे. माझ्या हातातली कपबशी त्याने स्वतः घेऊन कठड्यावर ठेवली. मी त्याच्या आईचं विचारलं. “पाय घसरला तिचा,” तो म्हणाला. “बाबा तेव्हा तुमच्याकडेच होते ना. तुम्हालाच जास्त माहीत.” मग माझ्याकडे जरा वेळ बघत राहिला आणि हसला. “तुझे बाबा आम्हाला घरातलेच. आणि आमच्यात घरातलं घरातच राहतं.” त्यात धमकी होती का? मी ते वाक्य कितीदा तरी मनात फिरवून बघितलं. बापाने केलं ते मुलाच्या माथी मारणं बरोबर नाही, हेही स्वतःला सांगितलं. पण माझी मान तेव्हा आपोआप खाली गेली होती, काकूंची जायची तशी.

ते गेल्यावर मी आईला विचारलं, “माझ्या गोवरात आपल्याकडे कुणी जेवायला आलं होतं का गं?”

“गोवरात कोण कुणाकडे जेवतं?” आई पटकन म्हणाली. मग तिचा भांडी विसळणारा हात थांबला. नळ तसाच वाहत राहिला. “गेलेल्या माणसाला आता चौकीत उभं करणार आहेस का?” ती म्हणाली. “त्यांचा जीव होता पैलवानांवर. एवढंच.”

मी नकार कळवला. कारण दिलं, पत्रिका जुळत नाही. पत्रिकांना तुम्ही किती हसायचात. मला वाटलं, विषय संपला. पण काका, तुमचे धाकटे भाऊ, आईला म्हणाले, “वहिनी, एवढं घर कोण सोडतं? दादाने जोडलेली माणसं आहेत ती. माझी पोरगी आहे की.” येत्या रविवारी तिची सुपारी फुटतेय.

त्या मुलाने काकांच्या घरच्या ग्रुपवर पैलवानांची एक जुनी कुस्ती टाकली. मी बघायची नाही असं ठरवलं होतं. बघितली. ढाक लागायच्या आधी ते खांदा किंचित खाली सोडतात ना, तिथे माझ्या मनात दुसरं काही नव्हतं, फक्त ते जिंकावेत. ज्या हाताने तो उंच माणूस उचलला, त्याच हाताने आणखी काय केलं हे मला माहीत होतं, तरीही.

आज काकांची मुलगी आली होती. साडी दाखवली, पदर माझ्या खांद्यावर टाकून बघितला. मग दार लोटून घेतलं आणि म्हणाली, “ताई, खरं सांग हं. तुला का नको होतं? काही आहे का त्या घरात?”

“नाही गं. पत्रिका जुळली नाही.” माझा आवाज जराही हलला नाही, बाबा. ती हसली, आणि ब्लाउजची बाही केवढी ठेवू ते विचारायला लागली.

जे तिला सांगायचं ते मी तुम्हाला लिहीत बसले आहे. तिला सांगितलं तर तुमचं नाव जाईल, आणि ते मला अजून नको आहे.