तिसरं बोट

रविवार, २ फेब्रुवारी

येसराची आमटी म्हणजे नुसता जाळ! सहा महिने झाले, मीनाक्षीचा हात तिखटाला सैल सुटलाय. बोललो. म्हणाली, "तीस वर्षं तोच मसाला, तेवढाच चमचा." खोटं! डॉक्टरची बायको असून चूक मान्य करत नाही. सुपारीची दोन खांडं तोंडात टाकली, तेव्हा कुठे राग निवला.

मंगळवार, ४ फेब्रुवारी

हर्सूलला व्यसनमुक्तीची ओपीडी. माझा नियम ठरलेला — खुर्चीत बसण्याआधी आपली पुडी टेबलावरच्या बिस्किटाच्या डब्यात टाकायची. आज कन्नडहून मुंजाबा आला. साठीचा मेंढपाळ, चाळीस वर्षं तंबाखू. रोज किती? म्हणाला, "दोन-चार बार." पेशंट कमीच सांगतात, म्हणून मी नेहमीप्रमाणे तीनने गुणून लिहिलं. पण तंबाखूची चंची काही सोडेना!

"तुमच्या खिशात काय खुळखुळतंय, डाक्टर?"

सुपारीची डबी. म्हणालो, सुपारी म्हणजे व्यसन नव्हे.

"व्हय? मग टाका की डब्यात."

इंटर्न मृण्मयी मान खाली घालून हसत होती. हसेलच, सुपारी हे व्यसनच असं वर्गात मीच शिकवलंय. मी चिडलो. मुंजाबा चंचीसकट परत गेला.

बुधवार, ५ फेब्रुवारी

डबी मुद्दाम घरी ठेवून गेलो. अकरापर्यंत तीन जणांवर ओरडून झालं. साडेअकराला टपरीवर गेलो, कोणी ओळखू नये म्हणून हेल्मेट न काढता. टपरीवाला म्हणाला, "सर, नेहमीचीच?"

मंगळवार, ११ फेब्रुवारी

मुंजाबा पुन्हा हजर! चंची आपणहून डब्यात टाकली. बायकोनं, म्हाळसाबाईनं, धाडलं म्हणे.

विद्यार्थ्यांना तोंड किती उघडतं ते तपासायला शिकवत होतो. आपलीच तीन बोटं उभी धरून दातांमधून आत जायला हवीत. मुंजाबाची गेली. एवढी जाडजूड बोटं, पण गेली! "आता माझं बघा," मी रुबाबात म्हणालो.

दोन गेली. तिसरं अडलं. पुन्हा लावलं. अडलंच.

सगळे हसले. मीही हसलो. मृण्मयी मात्र हसली नाही.

मुंजाबा म्हणाला, "माझी तर तीन जात्यात की! तुमचं दार का उघडंना?"

बुधवार, १२ फेब्रुवारी

आरशासमोर नऊ वेळा करून पाहिलं. बोटांना तेल लावूनसुद्धा दोनच!

दर वर्षी वर्गात सांगतो — सुपारीनं आधी तिखट झोंबायला लागतं, मग तोंड हळूहळू मिटत जातं, आणि काहींना पुढे कॅन्सर. आधी तिखट! आणि मी सहा महिने त्या बिचारीच्या मसाल्याला नावं ठेवतोय. भीती वाटतेय. फार.

जेवताना आमटी छान झालीय म्हणालो. मीनाक्षीनं कपाळाला हात लावून ताप आहे का पाहिलं.

मंगळवार, १८ फेब्रुवारी

डबी डब्यात टाकली, अडकित्ताही टाकला. माझ्या खुर्चीत मृण्मयीला बसवलं आणि समोर बसलो. "रोज किती, सर?" चार-पाच खांडं, म्हणालो. तिनं पंधरा लिहिलं.