किल्लीवरची लाल टोपी

चेलिन बेट, २० फेब्रुवारी १९८७

रोसामेलदादा,

नमस्कार. आम्ही सगळे बरे आहोत. तूही बराच असशील, कारण पुंता अरेनासच्या गारठ्यात खट माणसंच टिकतात म्हणे. पाकिटावरचं अक्षर आईचं आहे. माझं बघून तू ते न फोडता चुलीत घातलं असतंस, म्हणून पत्ता तिच्याकडून लिहून घेतला. फसलास ना? आता वाच.

मोठी बातमी! आपल्या रुपेर्ताला नवीन इंजिन बसलं. नवीन म्हणजे काय, कास्त्रो शहराच्या भंगारातल्या बसचं. मी बाबांना म्हटलं, "आता होडी दर थांब्याला थांबणार, आणि पेलिकन हात दाखवून चढणार." हसले नाहीत. पण मिशी हलली.

दोन आठवड्यांपूर्वी इर्जिक झाली. बारा घरची माणसं, चार जोड्या बैल. ओंडक्यांवरून होडी ओढत वर घेतली. वाकड्या शिंगाचा बैल मध्येच बसला. मी त्याच्या कानात तुझ्यासारखी शीळ घातली, तर उठला लेकाचा! तुला ओळखतो अजून.

मग तीन वासे उभे करून साखळीची कप्पी लावली, डेकच्या फळ्या कापल्या, आणि जुनं इंजिन किडक्या दाढेसारखं उपटून काढलं. पुढे नवीन बसवायला आठवडा गेला. वीतभर लांब निघालं मेलं! खालच्या तुळया बदलल्या. पंख्याच्या दांड्याशी सरळ येईना, तर बाल्दोमेरोमिस्त्री त्याच्याशी इतकं बोलले, तेवढं बायकोशी जन्मात बोलले नसतील.

पण इर्जिकीच्या दिवशीचं राहिलंच. म्हणजे राहिलं नाही, मीच पुढे ढकलतेय.

सगळे जेवायला बसले होते. आईने बटाट्याचे मिल्काओ तळले होते. मिस्त्रींनी जुनं इंजिन तिथेच उघडलं आणि म्हणाले, "पाण्याविना भाजून निघालंय हो." बाबा म्हणाले, "पोराने टोपी काढली, पण तोटी उघडायला विसरला. वर खोटं बोलला."

आपल्याकडचा नियम तुला काय सांगायचा! इंजिनाला गार ठेवायला समुद्राचं पाणी देणारी तोटी बंद केली, की बाबांची लाल टोपी इंजिन सुरू करायच्या किल्लीवर टांगायची. टोपी नाही म्हणजे तोटी उघडी. वाकून कोण बघतंय!

दादा, त्या दिवशी तू इनेसला जत्रेला नेणार होतास. तोटी मी बंद केली. टोपी स्वेटरखाली लपवली. वाटलं, जरा धूर निघेल, तू तिच्यासमोर बावचळशील, आम्ही काठावरून हसू. इंजिन पार जाम होईल असं नव्हतं वाटलं. आणि नंतर मी टोपी गुपचूप इंजिनामागे टाकली. तिथेच ती बाबांना सापडली. तू ओरडत होतास, "टोपी नव्हतीच!" आणि मी बटाटे सोलत बसले होते. तू सामान बांधलंस तेव्हाही सोलतच होते.

तर इर्जिकीत मी म्हटलं, "तोटी मी बंद केली होती."

सगळे हसले. माल्वामावशी म्हणाली, "झाली हिची थट्टा सुरू!" मी परत सांगितलं. परत हसले. तिसऱ्यांदा कोणी हसलं नाही.

बाबा उठून पाण्यापर्यंत गेले. बऱ्याच वेळाने आले. म्हणाले, "आठ महिने मी पोराला खोटारडा म्हणतोय. लिही त्याला. मला लिहिता येत नाही."

"येतं की तुम्हाला."

"हे नाही येत."

मग त्यांनी मला पत्र्याची पट्टी दिली. होडीचा अख्खा तळ एकटीने खरवडलाय. हात बघशील तर बरं वाटेल तुला.

१५ मार्चला पौर्णिमेच्या उधाणावर रुपेर्ता पाण्यात जाणार. तोटी बंद आहे, टोपी किल्लीवर आहे. बाबांनी सांगून ठेवलंय, ती टोपी रोसामेलच काढेल. मिस्त्री म्हणाले, "आणि तो नाही आला तर?"

"तर वल्ही मारू."

बसचं इंजिन पोटात घालून वल्ही! एवढं हसण्यासारखं, पण मला हसू आलं नाही.

ये रे. शिव्या दे, कान पीळ. फक्त आधी वाकून तोटी बघ. माझा भरवसा धरू नकोस.

टोपी चोरणारी, पण तुझीच,
तेंचा