दोनदा उलटलेला हात

अण्णा, काल नातीच्या लग्नाआधीच्या संगीताच्या कार्यक्रमात मला स्टेजवर चढवलं. एचएसआर लेआउटमधला हॉल, गार हवा, आणि माझे गुडघे असे की एकेक पायरी मोजत गेले. माइकवाली मुलगी म्हणाली, "या आजी म्हणजे बेंगळूरच्या पहिल्या लेडी डीजे." पहिली की सातवी, कोणी मोजलंय? आमच्या वेळी तो शब्दही नव्हता. मला सगळे 'रेकॉर्डवाली' म्हणायचे आणि त्यात मला काही कमीपणा वाटत नसे. मग नातीने माइक घेतला आणि तुमची गोष्ट सांगितली. पणजोबांचं अर्धं अंग लुळं पडलं होतं, वाचा गेली होती, त्यांना नाचाची गाणी मुळीच पसंत नव्हती. पण आजीने एकदा घरात तसलं गाणं लावलं तेव्हा त्यांनी एका हाताने ताल धरला. हॉलभर टाळ्या पडल्या. पुढच्या रांगेतल्या दोघींनी डोळे पुसले. मी हात जोडले आणि खाली उतरले. आज सकाळी उठल्या उठल्या लिहायला बसले आहे, कारण ही गोष्ट माझ्याच तोंडून सुरू झाली आणि ती पुरती खरी आहे की नाही, मला माहीत नाही.

तुम्हाला आपलं मल्लेश्वरमचं घर आठवत असेल. दोन खोल्या, पुढच्या खोलीत ट्रंकेवर चावीचा ग्रामोफोन आणि शेजारी सुयांची पत्र्याची डबी. दर बाजूला नवी सुई, हा तुमचा नियम. जुन्या सुईने रेकॉर्ड लावणं म्हणजे तुमच्या लेखी उष्ट्या हाताने वाढणं. चावी द्यायचं काम माझं. गाण्याच्या मध्येच चावी उतरायला लागली की आवाज जड व्हायचा, तो जड व्हायच्या आधी ओळखायचा आणि हिसका न देता चावी भरायची, हे मी सातव्या वर्षी शिकले. तुम्ही कारखान्यातून आलात की पाय धुवून भिंतीला टेकून बसायचे, आणि उजवा हात मांडीवर. आठ मात्रांचा ताल तुम्ही मला असाच शिकवलात. एक थाप, मग करंगळीपासून तीन बोटं, मग थाप, हात उलटा, थाप, हात उलटा. रेडिओवर गाणं सुरू झालं रे झालं की मी घाईने ताल सांगून मोकळी व्हायची. तुम्ही म्हणायचे, "स्वल्प थांब. एवढ्यावर ताल सांगू नये. तीन आवर्तनं ऐक, मग तोंड उघड." आणि गाणं पसंत नसलं की उजवा हात हवेत उलटा करून बाहेर झटकायचे. "साकु." पुरे. आई स्वयंपाकघरातून उप्पिट ढवळता ढवळता म्हणायची, "आता बाई, यांचा हात उलटला, उचल ती सुई." त्या हाताला आम्ही दोघी भीत होतो, पण ती मजेतली भीती होती.

दंडूमधल्या रेकॉर्डींच्या दुकानात मला चिकटवलंत तुम्हीच. कँटोन्मेंटला दंडू म्हणणारे तुमच्यासारखे आता कोणी उरले नाहीत. आई म्हणाली होती, मुलीच्या जातीने एवढ्या लांब बसने जायचं, तेही गोऱ्या लोकांच्या वस्तीत? तुम्ही म्हणालात, "रेकॉर्डींच्या दुकानात आहे, म्हणजे देवळात आहे असं समज." मालक तुम्हाला जुने गिऱ्हाईक म्हणून ओळखत होते. मी काउंटरमागे उभी राहायची, गिऱ्हाइकाने मागितलेली तबकडी लावून ऐकवायची. वर्षभरात मला लोक ओळखता यायला लागले. कोण घेणार, कोण नुसतं ऐकून जाणार, कोणाला दुसरी बाजू ऐकवली की तो विरघळणार, हे मी त्यांच्या उभं राहण्यावरून सांगायची. मालक हसायचे, म्हणायचे ही पोरगी कानाने नाही, डोळ्यांनी ऐकते.

मग तो रविवार आला. जवळच्या एका हॉटेलच्या हॉलमध्ये रविवारी अकरा ते एक नाच असायचा. कॉलेजची मुलं-मुली, अँग्लो-इंडियन कुटुंबं, कोल्ड कॉफी, आणि वाजवायला पाच जणांचा बँड. त्या दिवशी ढोलवाला कावीळ होऊन पडला आणि हॉटेलचा मॅनेजर धावत दुकानात आला. मालकांनी मला एक प्लेअर आणि रेकॉर्डींची पेटी देऊन पाठवलं. मी नऊवारीतली नव्हते एवढंच, पण वेणी, कुंकू, सुती साडी, सगळं आपल्या मल्लेश्वरमच्या गल्लीचं, आठव्या क्रॉसचं. सगळे बघायला लागले. पहिलं गाणं संपलं, मी सुई उचलली, दुसरं शोधलं, तेवढ्यात अर्धे लोक खुर्च्यांवर जाऊन बसले होते. तेव्हा लक्षात आलं की खंड पडता कामा नये. पुढच्या रविवारी मी दुकानातून दोन प्लेअर नेले आणि शेजारी शेजारी मांडले. एकावरचं संपत आलं की बोटाने मात्रा मोजून दुसऱ्यावर सुई सोडायची. चावी भरताना हिसका द्यायचा नाही, तेच हे. नाचणाऱ्यांचे चेहरे मी कधी बघितले नाहीत, लाज वाटायची. मी पाय बघायची. पाय कंटाळले की चार मात्रा आधी कळायचं आणि मी गाणं बदलायची. अण्णा, मला ते फार आवडत होतं. तुम्हाला सांगितलं होतं की रविवारी दुकानात मोजदाद असते.

दोन वर्षं मोजदाद चालली. मग तुमच्या कारखान्यातल्या सहकाऱ्याच्या मुलाने मला तिथे पाहिलं आणि वार्ता तुमच्यापर्यंत आली. गुरुवारी घरी भजन, त्यात टाळ माझ्याकडे असायचे. तुम्ही ते उचलून शेजारच्या अक्कांच्या हातात दिलेत. लोक गेल्यावर विचारलंत, "लोकांना नाचवतेस म्हणे." मी म्हणाले, "हो." तुम्ही म्हणालात, "गाणं ऐकायला असतं. घाम काढायला गिरणी आहे." मी म्हणाले, "अण्णा, एकदा येऊन तर बघा." तुम्ही हात उलटा केलात. साकु. मी नाच सोडला नाही आणि तुम्ही पुन्हा विषय काढला नाहीत. घरात गाणी लागत होती, चावी मीच देत होते, पण आता ताल कुठला हे तुम्ही मला विचारत नव्हता. मला वाटत होतं, जाईल राग, घाई काय आहे.

आणि मग एका सकाळी कारखान्याला निघताना बुटाची नाडी बांधायला वाकलात ते उजव्या कुशीवर पडलात. वाचा गेली, उजवी बाजू गेली. डॉक्टर म्हणाले, ऐकू येतंय, कळतंयही, पण किती ते सांगता येणार नाही. मी दुकानातून रजा घेतली. मला एकच गोष्ट येत होती ती मी करायला लागले. खाटेजवळ ट्रंक ओढली, नवी सुई लावली, तुमची सगळ्यात लाडकी रेकॉर्ड ठेवली. थोडं गाणं झालं असेल नसेल, तुमचा डावा हात चादरीवर हलला आणि उलटा झाला. मी वाट बघितली. पुन्हा उलटा झाला. पुन्हा. मी सुई उचलली. दुसरी लावली, तिलाही तेच. नाटकातली पदं, अभंग, वीणा, नादस्वरम, रोज दोन-तीन, सगळी पेटी संपवली. दर वेळी थोड्या वेळाने तो हात उलटा. आई म्हणाली, "नको असेल गं त्यांना, पडू दे." मी माझ्या आयुष्यात शेकडो अनोळखी माणसांना काय हवं ते नुसते पाय बघून ओळखलं होतं, आणि इथे एक माणूस, माझं स्वतःचं, समोर पडलेलं, आणि मला त्याला हवं असलेलं एक गाणं सापडत नव्हतं. एक दिवस मी तुमच्यावर ओरडले. "मग पाहिजे तरी काय तुम्हाला?" तुमच्या चांगल्या डोळ्यातून पाणी आलं. मला तोही रागच वाटला. चोराच्या मनात चांदणं म्हणतात ना, तसं माझं झालं होतं. मला तुमच्या अंगात फक्त तो गुरुवार दिसत होता.

दुसऱ्या दिवशी मी दुकानातला विजेचा प्लेअर आणि रविवारी लावायची ती एक छोटी रेकॉर्ड घरी घेऊन आले. कशाला आणली? माफी मागायला की भांडायला, ते आजही सांगता येणार नाही. म्हटलं, देवादिकांची गाणी नकोत ना, मग माझं ऐका, मी काय करते ते एकदा तरी ऐका. सुई सोडली. ड्रम, गिटार, मग तो गाणारा. आई स्वयंपाकघराच्या दारात येऊन उभी राहिली. तुमचा हात उलटा झाला. पुन्हा एकदा उलटा झाला. मी सुई उचलली, झाकण लावलं, प्लेअर परत दुकानात नेऊन दिला, आणि त्यानंतर तुम्ही होतात ते पाच आठवडे आपल्या घरात एकही गाणं लागलं नाही. मला वाटलं, निदान एवढं तरी तुमच्या मनासारखं होऊ दे.

तुम्ही गेलात त्यानंतरच्या रामनवमीला आई म्हणाली, मंडपात गाणं आहे, चल, घरात बसून काय करायचं. गर्दीत आम्हाला बाजूला जागा मिळाली. माझ्या पुढे एक म्हातारे गृहस्थ होते, तुमच्याहूनही थकलेले. गाणं रंगलं तशी त्यांची बोटं मोजायची थांबली आणि हात नुसता मांडीवर पडायला लागला. थाप, उलटा, थाप, उलटा. थाप इतकी हलकी की दिसायचीच नाही. दिसायचं ते फक्त हात उलटणं. मी बघत राहिले. मग उठून मंडपाबाहेर जाऊन वांती केली. आई पाठोपाठ आली, तिला वाटलं ऊन लागलं. अण्णा, तुमच्या डाव्या हाताला बोटं मोजता येत नव्हती आणि थापेला ताकद नव्हती. राहिलं होतं ते उलटणं. तुम्ही गाण्यात होता आणि मी दर वेळी तुमच्या पुढ्यातून गाणं काढून घेत होते. ताटावर बसलेल्या माणसाच्या पुढचं ताट ओढावं, तेही रोज, तसं. आणि शेवटचे पाच आठवडे तर वाढलंच नाही.

आईला घरी आल्यावर सांगितलं. तीही तीस वर्षं तुमचा हात बघत आलेली, तिलाही कळलं नव्हतं. ती आधी रडली, मग पदर तोंडाला लावून हसायला लागली. "म्हणजे ऐकत होते. रागावले नव्हते. अगं, ऐकत होते." मग तिने विचारलं, "त्या नाचाच्या गाण्यालाही?" मी म्हणाले, "हो." एवढंच बोलले. तिचा चेहरा असा काही झाला होता की मला दुसरं काही बोलता आलं नसतं. तिने ते अक्कांना सांगितलं, मग पाहुण्यांना. माझ्या लग्नात सासरच्यांना सांगितलं, की हिच्या वडिलांनी शेवटी हिचं मान्य केलं होतं. तिच्यामागून माझ्या मुलांनी सांगितलं, आणि काल नातीने माइकवर.

बाकीच्या रेकॉर्डींचं मी छातीठोक सांगते, कारण त्यांना तुमचा हात कितीतरी वेळा उलटलेला मी पाहिला होता. तो ताल होता. त्याचं पाप माझ्याकडे आहे आणि ते मी कोणाबरोबर वाटून घेत नाही. पण त्या एका गाण्याला तुमचा हात दोनदाच उलटला, अण्णा. मी पुढे उलटू दिलाच नाही. एवढ्यावर ताल सांगू नये, हे तुम्हीच शिकवलं होतं.

मघाशी नात न्हायला गेली तेव्हा तिच्या फोनवर ते गाणं शोधलं. सापडतं हल्ली सगळं. डावा हात मांडीवर ठेवला. थाप, उलटा, थाप, उलटा. बसतो ताल, चांगला बसतो. मग पुन्हा पहिल्यापासून लावलं आणि तुम्ही 'साकु' म्हणताना करायचा तसा हात झटकून पाहिला, दोनदा. तेही तेवढ्याच वेळात होतं. नात केस पुसत बाहेर आली, म्हणाली, "आजी, हेच ना ते गाणं, पणजोबांनी ताल धरला होता ते?" मी कागद उशीखाली सरकवला आणि तिला "हो" म्हणाले.